मोटरीच्या वायरीचा हिशेब मांडून गेलेला ओहम मास्तर

वायरमनच्या हातातल्या मीटरवर घोड्याच्या नालासारखी एक खूण असते. मोटर गेली की राहिली हे बघायला तो मीटरचं बटण त्या खुणेवर फिरवतो, लाईट बंद करून मोटरीच्या तीन वायरी दोन-दोन करून धरतो आणि आकडा बघतो. तिन्ही आकडे सारखे आले तर शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो. एक आकडा वेगळा दिसला की मोटर वर काढायची, रिवायंडिंगला न्यायची, आणि तोवर उसानं पाण्यावाचून उभं राहायचं. ती खूण म्हणजे ग्रीक लिपीतलं एक अक्षर. वायरमन लोक ते 'ओहम' असं वाचतात. ओहम हे वायरीच्या विरोधाचं माप, पण त्याआधी ते एका माणसाचं आडनाव होतं. तो माणूस ना कारखानदार होता, ना कुठल्या राजाच्या दरबारातला पंडित. तो शाळेतला गणिताचा मास्तर होता, आणि ज्या शोधामुळं त्याचं नाव आज घरोघरच्या मीटरवर आहे, त्याच शोधापायी तो नोकरीला मुकला.

गेओर्ग सिमोन ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ चा, आजच्या जर्मनीतल्या एर्लांगेन गावचा. बाप योहान वोल्फगांग कुलपं बनवणारा कारागीर. आई शिंप्याची लेक. घरात सात लेकरं जन्मली, त्यातली तीनच मोठी झाली. गेओर्ग, त्याचा धाकटा भाऊ मार्टिन आणि एक बहीण. गेओर्ग दहा वर्षांचा असताना आई वारली.

बापाचं शिक्षण बेताचंच, पण गडी पुस्तकात रमणारा. स्वतः वाचून गणित आणि विज्ञान शिकला आणि दोन्ही पोरांना घरीच शिकवू लागला. गावातल्या शाळेत जे मिळत नव्हतं ते या पोरांना कुलूपवाल्या बापाकडून मिळालं. गेओर्ग पंधराच्या आसपास असताना एर्लांगेन विद्यापीठातले लांग्सडॉर्फ नावाचे प्राध्यापक त्यांची परीक्षा घ्यायला आले आणि चकित होऊन गेले. स्वित्झर्लंडच्या बर्नोली घराण्यात पिढ्यान् पिढ्या गणिती जन्मले, त्या घराण्याशी त्यांनी या दोन भावांची तुलना केली. गणिताइतकीच दुसरी एक गोष्ट गेओर्गनं बापाकडून घेतली. ती म्हणजे हातातलं कसब. धातूची तार, पट्टी, स्क्रू हाताळायची ही सवय पुढं कशी कामाला आली ते येईलच.

१८०५ साली गेओर्ग विद्यापीठात गेला, आणि तिथं बिघडला म्हणा ना. नाच, बिलियर्ड, बर्फावरचं स्केटिंग यात दिवस जाऊ लागले. बापानं पोटाला चिमटा काढून शिकवायला पाठवलेलं पोरगं मजा मारतंय म्हटल्यावर कोणता बाप गप्प बसेल? दीड वर्षात शिक्षण थांबलं आणि पोराची रवानगी स्वित्झर्लंडला झाली. तिथं एका शाळेत तो गणित शिकवू लागला. ही शिक्षा त्याला मानवली. नोकरी करत-करत त्यानं त्या काळातल्या मोठ्या गणितज्ञांची पुस्तकं एकट्यानं वाचून काढली, १८११ मध्ये गावी परत आला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली.

पदवी मोठी, पण पोटाचं काय? विद्यापीठातल्या शिकवणीत भागेना, म्हणून १८१३ मध्ये त्यानं बांबर्गच्या एका सुमार शाळेत नोकरी धरली. १८१६ मध्ये ती शाळाच बंद पडली. मग त्याला दुसऱ्या एका खचाखच भरलेल्या शाळेत पाठवलं. या काळात त्यानं भूमितीचं एक पुस्तक लिहिलं. ते प्रशियाच्या राजापर्यंत पोचलं आणि १८१७ मध्ये कोलोन शहरातल्या मोठ्या शाळेत गणित-विज्ञानाचा शिक्षक म्हणून त्याची नेमणूक झाली. त्या शाळेत एक चांगली प्रयोगशाळा होती. ओहमचं खरं आयुष्य इथं सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

त्या काळात वीज म्हणजे काय अवस्था होती हे ध्यानात घ्यायला पाहिजे. बल्ब नव्हता, मोटर नव्हती, मीटर तर नव्हताच. इटलीच्या व्होल्टानं १८०० साली पहिली बॅटरी बनवली होती. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडला दिसलं की तारेतून करंट गेला की जवळची चुंबकसुई हलते. एवढ्या भांडवलावर सगळे विद्वान अंदाज बांधत होते. तारेतून किती वीज जाते, कशावर ते ठरतं, याचा कुणालाच पक्का पत्ता नव्हता. व्होल्ट आणि अँपिअर ही मापंसुद्धा अजून ठरायची होती.

ओहमनं ठरवलं, अंदाज नको, मोजून बघू. एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तारा घ्यायच्या, एकेक जोडायची आणि करंट किती कमी होतो ते बघायचं. १८२५ मध्ये त्यानं पहिले प्रयोग छापले. घाईनं छापले, आणि त्यातलं सूत्र चुकलं. दोष त्याच्या बॅटरीचा होता. तेव्हाची बॅटरी जोडली की लगेच उतरायला लागायची. मोजमाप चालू असतानाच दाब पडत असेल तर हिशेब कसा जुळणार? रात्री लाईट डीम-फूल होत असताना मोटरीचं पाणी मोजण्यासारखंच ते.

यावर पोगेनडॉर्फ नावाच्या संपादकानं त्याला तोड सुचवली. सीबेक या शास्त्रज्ञानं थोड्याच वर्षांपूर्वी दाखवलं होतं की दोन वेगळे धातू जोडून एक सांधा गरम आणि दुसरा थंड ठेवला तर त्यात वीज वाहते. ओहमनं तांबं आणि बिस्मथ हे धातू घेतले. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळतं पाणी १०० अंशांवर आणि वितळता बर्फ शून्यावर, दोन्ही हलत नाहीत. म्हणजे दाबही हलत नाही. वीज थोडी, पण एकसारखी. मग त्यानं एक चुंबकसुई बारीक पट्टीला टांगली. करंट गेला की सुई फिरायची, आणि तिला जागेवर आणायला वरून पट्टीला किती पीळ द्यावा लागतो तो आकडा तो लिहून ठेवायचा. हे यंत्र त्यानं तयार केलं ते कुलूपवाल्याच्या पोराच्या हातानं.

जानेवारी १८२६ मध्ये त्यानं तांब्याच्या आठ तारा एकापाठोपाठ एक जोडल्या. सगळ्यात आखूड २ इंची, सगळ्यात लांब १३० इंची. आखूड तारेला पिळाचा आकडा ३२६ च्या आसपास आला, लांब तारेला ४८ च्या आसपास.

इथं जरा थांबून बघा. तार ६५ पट लांब झाली, मग करंट ६५ पट कमी व्हायला पाहिजे होता. झाला फक्त पावणेसात पट. दुसरा कुणी असता तर प्रयोग फसला म्हणून उठला असता. ओहमच्या ध्यानात आलं की करंटला फक्त जोडलेली तार ओलांडायची नसते, जिथून वीज येते त्या यंत्रातूनही जायचं असतं, आणि त्या यंत्राचा स्वतःचा विरोध आहेच. त्यानं हिशेब केला तर तो विरोध त्याच तारेच्या सव्वावीस इंचाइतका निघाला. आता दोन्हीत सव्वावीस मिळवा. २ चे झाले सव्वाबावीस, १३० चे झाले दीडशे आणि पाव. भागाकार करा, पावणेसात पट! सगळा हिशेब जुळला.

नियम एवढाच निघाला. दाब जितका जास्त तितका करंट जास्त, आणि वाटेतला एकूण विरोध जितका जास्त तितका करंट कमी. आजच्या भाषेत व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहम येतात. विरोध तारेच्या लांबीबरोबर वाढतो, जाडीबरोबर घटतो, आणि धातूपरत्वे बदलतो. शाळेच्या पुस्तकात यालाच विभवांतर, विद्युतधारा आणि रोध म्हणतात. शब्द जड वाटतात म्हणून पोरं पाठ करून सोडून देतात, पण गोष्ट पाइपातल्या पाण्यासारखी आहे. टाकी जितकी उंच तितका जोर. पाइप जितका लांब आणि बारीक तितकं पाणी कमी.

घरातल्या पाणी तापवायच्या हीटरवर हे करून बघता येतं. २३० व्होल्टवर तो सुमारे ४.३५ अँपिअर घेत असेल तर त्याचा विरोध जवळपास ५३ ओहम. आणि व्होल्टला अँपिअरनं गुणलं की निघते त्याची ताकद, म्हणजे १,००० वॅट. व्होल्टेज १८० वर आलं तर त्याच ५३ ओहममधून ३.४ अँपिअरच जातील आणि ताकद सहाशे वॅटच्या थोडी वर उरेल. म्हणून डाऊन लाईटीत पाणी तापायला उशीर लागतो. ओल्या अंगाचा विरोध हजार ओहमच्या आसपास उतरू शकतो. २३० ला हजारानं भागा, पाव अँपिअरच्या जवळ आकडा येतो आणि माणूस मरायला तो पुरून उरतो. ओल्या पायानं स्टार्टर उघडणाऱ्यानं हा भागाकार एकदा करून बघावा.

आता डीपीपासून विहिरीपर्यंतची वायर घ्या. गंगाखेड, पालम, जिंतूर, कुठंही जा, डीपी एका टोकाला आणि बोअर दुसऱ्या टोकाला असले शिवार सापडतंच. समजा अंतर ४०० मीटर आणि केबल तांब्याची अडीच स्क्वेअर एमएमची. एका वायरीचा विरोध येतो पावणेतीन ओहम. पाच एचपीची थ्री-फेज मोटर ८ अँपिअर घेत असेल तर प्रत्येक वायरीत २२ व्होल्ट खाल्ले जातात, आणि फेज-टू-फेज बघितलं तर ३८. डीपीवर ४१५ असले तरी मोटरीला मिळतात ३७७. शिवाय तिन्ही वायरी मिळून पाचशे वॅटच्या वर वीज नुसती केबल तापवण्यात जाते. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, म्हणजे पाऊण एचपीच्या आसपास वाटेतच गेली. आठ तास मोटर चालली तर चार युनिट. हीच केबल सहा स्क्वेअर एमएमची असती तर दाब ३८ ऐवजी १६ व्होल्टच पडला असता. आणि तांब्याऐवजी त्याच जाडीची ॲल्युमिनियमची घेतली तर नुकसान दीडपटीच्याही वर. दुकानात स्वस्त केबल घेताना वाचलेले पैसे असे रोज थोडे-थोडे जमिनीत मुरतात.

ओहमनं ओळखलेला तो सव्वावीस इंचांचा विरोध इथंही आहे. डीपीचा आणि तिथून निघालेल्या लाईनचा स्वतःचा विरोध असतो. लाईट आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होतात, करंट वाढतो आणि दाब लाईनीतच गळतो. मग शेवटच्या शेतकऱ्यानं कितीही जाड केबल टाकली तरी त्याच्या हिश्श्याला उरलेलंच व्होल्टेज येतं. यावर उपाय म्हणजे ११ हजार व्होल्टची लाईन शेताजवळ न्यायची आणि एका-दोघा शेतकऱ्यांना एक छोटा ट्रान्सफॉर्मर द्यायचा. महावितरणनं एचव्हीडीएस नावानं हेच केलं. दाब जास्त म्हणजे त्याच ताकदीला करंट साधारण सव्वीसपट कमी, आणि त्याच वायरीत उष्णतेत जाणारी वीज सातशेपट कमी.

कोलोनच्या मास्तरांना एवढा शोध लागल्यावर वाटलं, आता विद्यापीठात जागा मिळेल. ऑगस्ट १८२६ मध्ये त्यानं शाळेतून वर्षभराची अर्धपगारी रजा काढली आणि बर्लिन गाठलं. भाऊ मार्टिन तिथं गणित शिकवत होता. १८२७ मध्ये ओहमचं पुस्तक आलं, त्यात विजेच्या वाहण्याचं सगळं गणित मांडलेलं. आणि प्रतिसाद? थंड. त्या वेळी जर्मनीत निसर्गाचं ज्ञान चिंतनातून मिळतं, आकडेमोडीतून नाही, असं मानणाऱ्या विद्वानांचं वजन होतं. पोल नावाच्या एका विद्वानानं पुस्तकाची पार चिरफाड केली. शिक्षण खात्यातही ओहमच्या बाजूनं बोलणारं वजनदार कुणी नव्हतं. दुसऱ्या बाजूनं, ज्यांना प्रयोग आवडायचे त्यांना त्यातलं जड गणित झेपेना. पुस्तकात प्रयोग कमी आणि गणित फार, ही ओहमचीही चूकच म्हणायची. आठ तारांची गोष्ट त्यानं सोप्या शब्दांत पुढं ठेवली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं.

अपमान जिव्हारी लागला. १८२८ मध्ये त्यानं कोलोनची नोकरी सोडली. हाताशी दुसरं काही नव्हतं. पुढची पाच वर्षं बर्लिनमध्ये इथं-तिथं गणिताच्या तासिका घेऊन त्यानं काढली. लग्न केलं नाही ते कधीच नाही. चाळिशीतला डॉक्टरेट झालेला माणूस, ज्याचा नियम पुढं सगळं जग वापरणार होतं, तो तासिकांवर पोट भरत होता. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या तंत्रशिक्षण शाळेत त्याला प्राध्यापकाची जागा मिळाली. विद्यापीठ नव्हे, पण भाकरीची सोय झाली. १८३९ मध्ये तो तिथलाच प्रमुख झाला.

तोवर त्याचा नियम इतरांनी आपापल्या हातानं तपासला होता. लायपझिगला फेश्नर, रशियात लेंझ, दोघांच्याही प्रयोगांत ओहम बरोबर निघाला. तारायंत्राचे दिवस येत होते. मैलोन् मैल तार ओढायची म्हटल्यावर तारेच्या विरोधाचा हिशेब पाहिजेच होता. ज्याला कोरडी आकडेमोड म्हणून हिणवलं, ती आता कामाची ठरली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं ओहमला कोप्ले पदक दिलं. त्या काळात विज्ञानातला याहून मोठा मान फार थोडे होते. मान परदेशातून आला, मगच घरच्यांनी दखल घेतली. आपल्याकडंही हे नवीन नाही.

त्याच १८४१ साली इंग्लंडमध्ये, दारूच्या भट्टीच्या मालकाचा मुलगा असलेल्या ज्यूलनं ओहमच्या पुढचं पाऊल टाकलं. तारेत तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाच्या पटीत वाढते हे त्यानं मोजून दाखवलं. करंट दुप्पट तर उष्णता चौपट. मोटर का जळते ते इथं कळतं, आणि इथंच बहुतेकांचा घोटाळा होतो. हीटरचं व्होल्टेज कमी झालं की करंटही कमी होतो, मग मोटरीचा का वाढतो? कारण मोटर म्हणजे नुसती तार नव्हे. फिरताना ती स्वतःच उलटा दाब तयार करते, म्हणून ४१५ ला वायंडिंगच्या ओहमनं भागून मोटरीचा करंट काढता येत नाही. वर पाणी चढवायचं काम मात्र तेवढंच असतं. व्होल्टेज पडलं की तेवढंच काम ओढायला मोटर जादा करंट घेते. ४१५ चे ३२० झाले तर ८ अँपिअरचे सव्वादहाच्या वर जातात, आणि वायंडिंगमधली उष्णता दीडपटीच्या पुढं. केबलमधला खर्चही त्याच प्रमाणात वाढतो. स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले अशा वेळी मोटर बंद पाडतो ती तिला वाचवायला. पाणी थांबतं म्हणून रिले बायपास करणं म्हणजे राखणीचं कुत्रं भुंकतं म्हणून त्यालाच बांधून ठेवणं.

गंमत अशी की हा नियम ओहमच्याही आधी एकाला सापडला होता. इंग्लंडचा हेन्री कॅव्हेंडिश, अतिश्रीमंत आणि तितकाच एकलकोंडा. १७८१ च्या सुमारास त्यानं असे प्रयोग केले होते, तेही स्वतःला शॉक देऊन, झटका किती बसतो यावर. पण छापलं काही नाही. त्याचे कागद मॅक्सवेलनं १८७९ मध्ये उजेडात आणले. तोवर नाव ओहमचं झालं होतं, आणि ते रास्तच आहे. त्यानं मोजलं, छापलं आणि त्याची किंमतही मोजली.

ज्या विद्यापीठाच्या खुर्चीसाठी ओहमनं कोलोन सोडलं, ती त्याला १८५२ मध्ये म्युनिकला मिळाली. वय ६३. दोन वर्षं त्यानं तिथं पदार्थविज्ञान शिकवलं. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्येच तो वारला आणि तिथल्या जुन्या दफनभूमीत त्याला पुरलं.

त्यानंतर २७ वर्षांनी, १८८१ मध्ये पॅरिसला जगभरचे वीजतज्ञ जमले. तोवर प्रत्येक देशाची मापं वेगळी होती. तिथं दाबाला व्होल्टाचं नाव, करंटला फ्रान्सच्या अँपिअरचं नाव आणि विरोधाला ओहमचं नाव कायम झालं. पुढं १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत एक ओहम म्हणजे नेमका किती हे पाऱ्यावरून ठरलं. एक चौरस मिलिमीटर जाडीची पाऱ्याची सरळ धार घ्यायची, ती शून्य अंशावर ठेवायची, आणि लांबी १०६.३ सेंटिमीटर. तेवढ्या धारेचा विरोध एक ओहम.